दमट हवेत शीतगृह उभारताना कंत्राटदार कसा निवडावा?

कोकणातील हापूस आंब्याचा हंगाम थोडक्या दिवसांचा असतो. मार्चपासून मे अखेरपर्यंतच्या दोन-अडीच महिन्यांत बागायतदाराच्या वर्षभराच्या श्रमाचे मोल ठरते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे फळ दूरच्या बाजारात चांगल्या स्थितीत पोहोचविण्याची जबाबदारी अधिकच वाढली आहे. म्हणूनच अनेक सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि मोठे बागायतदार स्वतःचे पॅक हाऊस, फळ गार करण्याची पूर्वशीतकरणाची खोली आणि लहान शीतगृह उभारू लागले आहेत.

ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु शीतगृह हे पंप किंवा फवारणी यंत्राप्रमाणे दुकानातून आणून बसविण्याची वस्तू नव्हे. खोली, भिंतीचे आवरण, दार, यंत्र आणि वीज या सर्वांचा मेळ घालून देणारा कंत्राटदार नेमावा लागतो. त्याच्या निवडीत चूक झाली तर ती पहिल्या हंगामातच उघड होते. मात्र तोपर्यंत कर्ज उचललेले असते, पैसे दिलेले असतात आणि झाडावरचा माल तर थांबत नाही. यास्तव कंत्राटदार नेमण्यापूर्वी कोणत्या गोष्टी पाहाव्यात, याचा विचार या लेखात केला आहे.

एका संस्थेची हकीकत

किनाऱ्यापासून जवळच असलेल्या एका गावातील बागायतदारांच्या संस्थेने असे पॅक हाऊस उभारले. तीन कंत्राटदारांकडून दर मागविले आणि सर्वांत कमी दर देणाऱ्यास काम दिले. हा कंत्राटदार लबाड नव्हता. घाटावरील कोरड्या मुलखात त्याने केलेली कामे चांगली चालली होती. त्याने गावात येऊन खोल्यांचे क्षेत्रफळ विचारले आणि चौरस फुटांच्या हिशेबाने किती टनांचे यंत्र लागेल हे तेथल्या तेथे सांगितले. भरणीच्या दालनाकरिता त्याने गरजेपेक्षा बरेच मोठे यंत्र दिले. मोठे यंत्र मिळाले म्हणून सभासदांनाही समाधान वाटले.

मे महिना उजाडला. शीतखोलीतून गार झालेल्या पेट्या भरणीच्या दालनात आणून गाडीची वाट पाहात ठेवल्या जात. अर्ध्या तासात फळांवर पाण्याचे थेंब दिसू लागत, पुठ्ठ्याची खोकी मऊ पडत आणि थरावर थर रचलेल्या खोक्यांपैकी खालची दबून जात. बाजारात पोहोचलेल्या मालात देठाकडील सड व करप्याचे काळे डाग यांचे प्रमाण वाढले आणि व्यापाऱ्याने दर पाडला.

विस्तार कार्यकर्ता पाहणीस गेला तेव्हा एका वृद्ध सभासदाने त्यास विचारले, "साहेब, यंत्र तर खोली गार करते आहे. छपरही गळत नाही. मग हे पाणी येते कोठून?"

कार्यकर्त्याने प्यावयास आणलेल्या गार पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखविले. तांब्या बाहेरून घामाने डबडबला होता. तो म्हणाला, "तात्या, हे पाणी तांब्यातून पाझरले आहे काय? नाही ना? ते हवेतून आले. तुमच्या आंब्यांवरही ते तेथूनच येते आहे."

सगळ्या विषयाचे मर्म या एका तांब्यात आहे.

हवेतील पाण्याचा हिशेब

हवा जितकी उष्ण, तितके अधिक पाणी ती बाष्परूपाने धारण करू शकते. हवा गार होत गेली म्हणजे एका विशिष्ट तापमानाला ते बाष्प पाणी होऊन बाहेर पडू लागते. या तापमानास दवबिंदू म्हणतात. दवबिंदूपेक्षा गार असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी धरणारच, मग तो पृष्ठभाग तांब्याचा असो, भिंतीचा असो वा आंब्याचा.

किनाऱ्यावर मे महिन्यात हवा ३२ अंश सेल्सिअस व आर्द्रता ७५ टक्के आहे असे समजू. अशा एक घनमीटर हवेत सुमारे २५ ग्रॅम पाणी असते. आंब्याकरिता १३ अंश तापमानाला आणि ९० टक्के आर्द्रतेला ठेवलेल्या खोलीत एक घनमीटर हवेत सुमारे १० ग्रॅम पाणी मावते. म्हणजे बाहेरची प्रत्येक घनमीटर हवा आत येताना १५ ग्रॅम जादा पाणी घेऊन येते. खोली ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद व ३ मीटर उंच असेल, तर तिच्यात ७२ घनमीटर हवा असते. ही हवा एकदा पूर्ण बदलली की एक लिटरभर पाणी आत येते. तेवढी हवा गार करण्यासाठी यंत्राला जेवढे काम पडते, त्याच्या दीडपटीहून अधिक काम त्या पाण्याचे बाष्प निवविण्यात पडते.

याउलट खानदेशातील ३८ अंशांची, परंतु केवळ २० टक्के आर्द्रतेची कोरडी हवा घ्या. ती अधिक तापलेली असली तरी तिच्या एका घनमीटरात ९ ग्रॅमच्या आसपासच पाणी असते. १३ अंशांच्या खोलीत ती जादा पाणी आणीत नाही. म्हणून कोरड्या मुलखात यशस्वी ठरलेला कंत्राटदार किनाऱ्यावर फसू शकतो. त्याचे कसब खोटे नसते. मात्र त्याच्या हिशेबात पाण्याचे खाते उघडलेलेच नसते.

हवा थंड करण्याच्या आधुनिक यंत्राचा जन्मच मुळी दमटपणाच्या तक्रारीतून झाला. १९०२ साली अमेरिकेतील ब्रुकलिन येथील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे व रंगांचे ठसे एकमेकांवर नीट बसत नसत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतील आर्द्रता आटोक्यात ठेवणारी योजना आखली. दमट प्रदेशात गारव्याइतकेच महत्त्व आर्द्रतेच्या नियंत्रणाला आहे, हे तेव्हापासूनचे सत्य आहे.

मोठे यंत्र म्हणजे चांगले यंत्र नव्हे

आता वरील संस्थेचे दालन पाहू. तेथील तापमापक २२ अंश दाखवीत होता. परंतु आर्द्रता ८० टक्के होती. अशा हवेचा दवबिंदू १८ अंशांच्या वर असतो. त्या हवेत १३ अंशांचे फळ आणले की त्यास पाणी सुटणारच. तेच दालन २२ अंश व ५० टक्के आर्द्रतेला ठेवले, तर दवबिंदू ११ अंशांच्या आसपास येतो आणि १३ अंशांचे फळ कोरडे राहते. तापमान दोन्ही वेळा तेच आहे. फरक केवळ पाण्याचा आहे.

यंत्र मोठे असूनही आर्द्रता का उतरली नाही? हवेतील पाणी यंत्राच्या गार वेटोळ्यावर, ज्यास कारागीर कॉइल म्हणतात, त्यावर जमून नळीवाटे बाहेर जाते. त्यासाठी यंत्र सलग बराच वेळ चालावे लागते. गरजेपेक्षा मोठे यंत्र पाच-दहा मिनिटांत दालन गार करते आणि बंद पडते. कॉइलवर जमलेले पाणी वाहून जाण्यापूर्वीच पंख्याचा वारा ते पुन्हा हवेत मिसळतो. असे वारंवार घडत राहते. दालन गार पण दमट राहते, वीज अधिक जळते आणि यंत्रही लवकर झिजते.

शीतखोलीची गरज याहून निराळी आहे. तेथे आंब्याला ८५ ते ९० टक्के आर्द्रता हवीच असते, नाही तर फळ सुरकुतते. त्याकरिता कॉइलचे क्षेत्र भरपूर असावे आणि खोलीची हवा व कॉइल यांच्या तापमानातील अंतर ५ ते ६ अंशांच्या आसपास असावे. लहान कॉइल फार थंड करून काम भागविले, तर ती फळातील पाणी ओढून घेते. तसेच "आमचे यंत्र ५ अंशांपर्यंत नेते" या बढाईला भुलू नये. हापूस १२-१३ अंशांच्या खाली फार काळ राहिला तर त्यास थंडीची इजा होते. साल काळपट पडते आणि फळ नीट पिकत नाही.

म्हणजे एकाच छपराखाली एका खोलीला दमटपणा हवा आणि दुसरीला कोरडेपणा हवा. हे जो कंत्राटदार आपणहून बोलून दाखवितो, तो कामाचा जाणकार समजावा.

कंत्राटदाराची पारख

(१) तो आधी मोजतो की आधी दर सांगतो? चांगला कंत्राटदार जागेवर येऊन खोल्यांची लांबी, रुंदी व उंची मोजतो, भिंत व छप्पर कशाचे आहे ते पाहतो आणि प्रश्न विचारतो. रोज किती माल येणार? तो किती अंशांवर येतो? किती तासांत गार करावयाचा? दार दिवसातून किती वेळा उघडते? दालनात किती माणसे काम करतात? या प्रश्नांवाचून सांगितलेला दर स्वस्त असला तरी घेऊ नये.

(२) तो उष्मा-भाराचा हिशेब लेखी देतो काय? हिशेबाची रीत अवघड नाही. ५ मेट्रिक टन आंबा ३२ अंशांवरून १३ अंशांवर आणावयाचा आहे असे धरू. एक किलो आंब्याचे तापमान एक अंशाने उतरविण्यास सुमारे ०.९ किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. ५,००० किलो, ०.९ व १९ अंश यांचा गुणाकार ८५,५०० किलोकॅलरी होतो. हे काम ८ तासांत करावयाचे तर तासाला सुमारे १०,७०० किलोकॅलरी उष्णता काढली पाहिजे. शीतकरणाचा एक टन म्हणजे तासाला ३,०२४ किलोकॅलरी. तेव्हा केवळ फळाकरिता साडेतीन टन शक्ती लागते. त्यात भिंतीतून शिरणारी उष्णता, दारातून येणारी हवा व तिच्यातील पाणी, पंखे, दिवे, माणसे, खोकी आणि फळाची स्वतःची श्वसनाची उष्णता मिळवावी लागते. फळ आत आल्यावर पहिल्या काही तासांत हा भार अधिक असतो, हेही ध्यानात घ्यावे लागते. कंत्राटदाराच्या कागदावर हवेतील पाण्याचा भार वेगळ्या ओळीत दाखविलेला नसेल, तर तो का नाही असे विचारावे.

(३) सांगितलेली शक्ती कोणत्या स्थितीतली आहे? यंत्रावर लिहिलेले टन ठरावीक तापमानाचे असतात. बाहेर उकाडा वाढला किंवा आत अधिक गारवा हवा असला की तेच यंत्र कमी काम देते. म्हणून आपल्या खोलीच्या १३ अंशांना आणि आपल्या गावच्या मे महिन्यातील हवेत ते किती शक्ती देईल, हे लिहून घ्यावे.

(४) त्याचे जुने काम किनाऱ्यावर आहे काय? किमान दोन पावसाळे पाहिलेले काम स्वतः जाऊन पाहावे. मालकाबरोबरच तेथे यंत्र चालविणाऱ्या माणसाशीही बोलावे. यंत्र बंद पडल्यावर दुरुस्तीस किती दिवस लागले, हे तोच खरे सांगतो.

(५) यंत्रात कोणता वायू भरणार? आर-२२ हा वायू ओझोन थरास बाधक असून माँट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. भारतासाठी २०३० ही त्याची मुदत आहे. त्या वायूवरचे जुने यंत्र स्वस्तात मिळाले तरी पुढे वायू मिळविणे कठीण जाईल.

भिंत, दार आणि खारी हवा

कोकणातील बहुतेक बांधकाम जांभा दगडाचे असते. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो. अशा भिंतीला आतून थेट उष्णतारोधक थर चिकटविला तर बाहेरचे बाष्प भिंतीतून थरात शिरते आणि तेथे गारव्याने त्याचे पाणी होते. ओला थर उष्णता अडवू शकत नाही. म्हणून बाष्प अडविणारे आवरण नेहमी उष्ण बाजूस, म्हणजे भिंत आणि उष्णतारोधक थर यांच्या मध्ये, अखंड घातले पाहिजे. तयार पफ पॅनेल वापरले असेल तर त्यांचे सांधे, नळ्या व तारा जाण्याची छिद्रे आणि जमिनीलगतची कड नीट बुजविली आहे की नाही ते स्वतः पाहावे. फरशीखालीही उष्णतारोधक थर लागतो. खर्च वाचविण्यासाठी बहुधा तोच वगळला जातो.

शीतखोलीचे दार थेट अंगणात उघडू नये. मध्ये लहानशी खोली असावी आणि दारावर प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा असावा. यंत्रातून निघणारे पाणी वाहून नेणाऱ्या नळीस उतार व वाकण असावे, म्हणजे तिच्यातून बाहेरची हवा आत शिरणार नाही.

समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने बाहेर ठेवलेल्या यंत्राची ॲल्युमिनियमची पाती काही हंगामांतच झडू लागतात. तेव्हा संरक्षक लेप दिलेली कॉइल आणि जस्ताचा मुलामा दिलेली चौकट मागावी, व गोड्या पाण्याने ती वेळोवेळी धुवावी. यंत्राला मोकळी हवा मिळावी, परंतु पावसाळी वाऱ्याचा थेट मारा बसू नये, अशी जागा निवडावी. २०२० सालचे निसर्ग व २०२१ सालचे तौक्ते ही चक्रीवादळे कोकणाने अनुभवली आहेत. त्यामुळे यंत्र पायाला बोल्टांनी भक्कम बांधलेले असणे आवश्यक आहे.

करारनाम्यात काय असावे?

तोंडी आश्वासनाने भागत नाही. करारनाम्यात यंत्राचे टन लिहिण्याबरोबरच मिळावयाचा परिणाम लिहावा. उदाहरणार्थ : "पाच मेट्रिक टन आंबा आठ तासांत ३२ अंशांवरून १३ अंशांवर येईल. शीतखोलीत आर्द्रता ८५ ते ९० टक्के राहील. भरणीचे दालन माणसे काम करीत असताना २२ अंश व ५० टक्के आर्द्रतेच्या वर जाणार नाही." असे लिहिले म्हणजे वादाला जागा उरत नाही.

रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी. थोडा भाग आगाऊ, काही भाग साहित्य जागेवर आल्यावर, काही उभारणी पूर्ण झाल्यावर आणि काही चाचणीनंतर, असा क्रम ठेवावा. शेवटचा काही भाग एक हंगाम व एक पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवावा. हंगामात यंत्र बंद पडल्यास किती तासांत कारागीर येईल, सुटे भाग कोठे ठेवलेले असतील आणि वार्षिक देखभालीचा खर्च किती, हेही आधीच लिहून घ्यावे. थ्री फेज वीज, योग्य भूसंबंधन व वीज गेल्यास जनरेटर या गोष्टी कोणाच्या जबाबदारीवर आहेत, हे स्पष्ट असावे. शासकीय अनुदानाची अपेक्षा असल्यास काम सुरू करण्यापूर्वीच तालुका कृषि अधिकाऱ्याच्या कार्यालयात चालू नियम व पूर्वसंमतीची रीत विचारून घ्यावी.

चाचणी भरल्या खोलीची

रिकामी खोली गार करून दाखविणे ही चाचणी नव्हे. रिकाम्या खोलीत कोणतेही यंत्र शूर असते. एप्रिलमध्ये खोली मालाने भरून, दार नेहमीप्रमाणे उघडझाप करून चाचणी घ्यावी. तापमान हवेचे न घेता फळाच्या गराचे घ्यावे. त्यासाठी टोकदार तापमापक मिळतो. आर्द्रतेकरिता ओल्या व सुक्या गोळ्यांचा तापमापक पुरतो. दर तासाचे आकडे वहीत लिहावेत आणि त्यावर कंत्राटदार व संस्था या दोघांच्या सह्या घ्याव्यात. हीच वही पुढे दुरुस्तीच्या वेळी उपयोगी पडते.

हकीकतीतील संस्थेने पुढील हंगामापूर्वी दुसरा कंत्राटदार बोलाविला. त्याने दोन दिवस नुसती मापे घेतली. मग एका मोठ्या यंत्राऐवजी दोन लहान यंत्रे बसविली, त्यांपैकी गरजेनुसार एक किंवा दोन्ही चालत. यंत्र थांबताच पंखाही थांबेल अशी जोडणी केली, सांधे बुजविले आणि दारापुढे लहान खोली काढली. त्यानंतर खोकी कोरडी राहू लागली. मात्र सभासदांना एकाच कामाचे पैसे दोनदा मोजावे लागले आणि एका हंगामाच्या दराची तूट भरून निघाली नाही ती नाहीच.

विस्तार कार्यकर्त्यांस विनंती

गावात असे काम निघाल्याचे कानी येताच कार्यकर्त्याने दर मागविण्याच्या आधीच संस्थेच्या सभेस उपस्थित राहावे. सर्व कंत्राटदारांना एकाच नमुन्यात माहिती भरावयास सांगावे, म्हणजे तुलना करता येईल. तांत्रिक शंका असल्यास दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषि विद्यापीठाकडे किंवा महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळाच्या जवळच्या कार्यालयाकडे विचारणा करावी. आणि सभेत एक गार पाण्याचा तांब्या मध्यभागी ठेवून सभासदांना तो पाहावयास सांगावे.

बागायतदार बंधूंनो, कंत्राटदार किती टन देतो हे विचारण्यापूर्वी तो हवेतले पाणी कसे काढणार, हे विचारा. त्याचे उत्तर मोजमाप करून, कागदावर आणि सहीनिशी जो देईल, त्यालाच काम द्या.